कोर्टात उभे राहाल तेव्हा राहा, आधी आमचा कागद वाचा

ठाण्याच्या कोर्टनाक्यापासून बेलापूरपर्यंत प्रॅक्टिस करणाऱ्या सर्व वकील बंधुभगिनींना,

स. न. वि. वि.

मी निवृत्त पोस्टमन. नोकरीची बहुतेक वर्षं वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर या भागांत टपाल वाटलं. मध्ये काही काळ कळवा-विटाव्याचा बीटही माझ्याकडे होता. तुमच्यातल्या अनेकांना मी लिफाफ्यावरून ओळखतो. डाव्या कोपऱ्यात नाव, त्याखाली पदव्या, ऑफिसचा पत्ता, आणि मधोमध ज्याला नोटीस काढली त्याचं नाव, ते बरेचदा चुकीचं लिहिलेलं. तुम्ही पाठवलेली नोटीस गल्लीतून, गटारावरच्या फरशीवरून, जिन्याखालच्या खोलीपर्यंत नेऊन द्यायचं काम माझं. ती दारात पोहोचल्यावर काय होतं हे तुम्हाला ऑफिसात बसून दिसत नाही.

निवृत्तीनंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतलं, त्यामुळे काही कलमं आता तोंडात बसली आहेत. पण हे पत्र कलमांसाठी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत येऊन लोकांचे कागद वाचून द्या, एवढं मागण्यासाठी आहे.

तुमच्यातले कितीतरी जण एक पैसाही न घेता केसेस चालवतात. ते स्वतः गाजावाजा करत नाहीत, म्हणून मीही इथे नावं घेत नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील तुटपुंज्या मानधनावर तारखांना हजर राहतात. फौजदारी खटल्यांसाठी २०२२ च्या योजनेप्रमाणे लोकअभिरक्षकांची, म्हणजे गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या वकिलांची, पूर्णवेळ कार्यालयं सुरू झाली, आणि तिथल्या वकिलांना खासगी केसेस घेता येत नाहीत. एवढी सोय असताना गरिबाला वकील मिळत नाही असं म्हणायला तोंड राहत नाही. तरी मी म्हणतो, मिळत नाही. कारण माणूस त्या वकिलापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुतेक सगळं हातचं गेलेलं असतं. कोर्टात पुकारा होण्याच्या कितीतरी आधी, नोटीस दारात आली त्या आठवड्यातच गरिबाची केस हरलेली असते.

वस्तीत एक पक्की समजूत आहे. कोर्टाचा कागद घेतला नाही तर तो लागू होत नाही. मी कडी वाजवून सांगायचो, "रजिस्टर आहे, सही करा." आतून आवाज यायचा, "काका, परत पाठवा ना. घरी कोणी नाही असं लिहा." कुणी चहाचा कप पुढे करायचा, कुणी हात जोडायचा. एकाने तर मला गल्लीच्या तोंडाशीच गाठून "खोली सोडून गेला असं लिहाल का" म्हणून विचारलं, आणि तो स्वतःच तो माणूस होता. नोटीस म्हणजे संकट, आणि संकटाला दारातूनच परत लावलं की ते टळतं, असा हिशेब.

कायद्याचा हिशेब उलटा आहे हे तुम्हाला मी काय सांगावं? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर पाचप्रमाणे समन्स 'घेण्यास नकार' या शेऱ्यासह परत गेलं की न्यायालय ते बजावलं गेलं असंच धरतं. म्हणजे माझ्या पेन्सिलीचा एक शेरा पुरतो. दार बंद असलं तर आम्ही चिठ्ठी टाकतो, सात दिवस पत्र पोस्टात ठेवतो, मग परत पाठवतो, आणि तेही बहुतेक वेळा माणसाच्या विरोधातच जातं. आता २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे. लिफाफा बदलला, समजूत तीच आहे.

नोटीस घेणाऱ्यांचं तरी कुठे वेगळं होतं? लोकमान्यनगरात डबे करून देणारी एक बाई होती. तिने सही करून पाकीट घेतलं आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून दिलं. अकरा महिन्यांचा करार संपला होता, त्यानंतरही मालकाने रोखीने भाडं घेतलं होतं, डिपॉझिट अडकलेलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. तारखेला जाईन, साहेबांना सगळं सांगेन. पण भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे खोली खाली करून मागणारे मालकांचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं, समन्स आलं, की तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य असल्यासारखं धरलं जातं. वर खोली सोडेपर्यंत दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई. ही बाई तारखेला गेली, वेळेवर गेली, इस्त्रीची साडी नेसून गेली. तिला बोलायचा हक्क उरलेला नव्हता.

तिला पहिल्या दिवसापासून मोफत वकील मिळू शकत होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये बाईला उत्पन्नाची अटच नाही. ती डबे करो की बंगल्यात राहो. मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, यांनाही नाही. शिवाय महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार, मालमत्ता या वादांत बायकांना १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. हे सगळं त्या बाईला कळलं ते मी निवृत्त झाल्यावर, माझ्याकडून, गप्पांच्या ओघात. तेव्हा ती खोली सोडून दिव्याला राहायला गेली होती.

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर शिबिरं घेतो. घेता खरी. मी आता स्वयंसेवक म्हणून त्या शिबिरांत खुर्च्या लावतो, त्यामुळे दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे. मागे बॅनर, पुढे पाण्याच्या बाटल्या, दीपप्रज्वलन, मग राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ वर भाषण. हा अनुच्छेद बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, १९७६ साली, हे आता आमच्या भागातल्या बचत गटाच्या बायकांनाही पाठ झालं असेल. पण भाषण संपल्यावर कुणी पिशवीतून कागद काढला, की "उद्या ऑफिसला या" असं उत्तर मिळतं. उद्या म्हणजे कामाचा दिवस. घरकाम करणाऱ्या बाईने तीन घरी खाडा करायचा, रिक्षाने स्टेशन गाठायचं, कोर्टाच्या आवारात खोली शोधायची. ती येत नाही. तुम्हीही नसता गेलात.

आता दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगतो. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. कलम १२ च्या यादीत न बसणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. महिन्याला पंचवीस हजार. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांमधल्या लोकांची रात्रपाळीत ने-आण करणारा ड्रायव्हर घ्या. अठ्ठावीस हजार पडतात, त्यातले आठ-नऊ हजार दिघ्याच्या खोलीला, गावी आईला काही, मुलाची फी, बाइकचा हप्ता. प्राधिकरणाच्या दृष्टीने तो गरीब नाही. तुमच्या फीच्या दृष्टीने तो श्रीमंतही नाही. त्याने बाइक घेताना फायनान्सवाल्याला कोरे चेक सही करून दिलेले असतात. चेक वटला नाही की नोटीस येते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तिथेच संपतं, नाहीतर समोरच्याला फौजदारी तक्रारीचा रस्ता मोकळा. या पंधरा दिवसांत एखाद्या वकिलाने हप्त्यांच्या पावत्या पाहून एक पानाचं उत्तर लिहून दिलं असतं, तर पुढची दोन-तीन वर्षं तारखांना खाडे झाले नसते. प्राधिकरणाचा दरवाजा त्याला बंद आहे. स्वेच्छेने काम करणाऱ्या वकिलांनी पहिला विचार याचा करावा, असं मला वाटतं. कारण बाकीच्यांसाठी निदान कायद्यात एक ओळ तरी आहे.

याच दिघ्यात २०१५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा इमारतींवर हातोडा पडला. लोकांनी गावची जमीन विकून, दागिने मोडून घरं घेतली होती. हातात काय होतं? स्टॅम्प पेपरवरचा नोटरी केलेला करार आणि कुलमुखत्यारपत्र. असल्या कागदांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्वच्छ सांगितलं होतं. हा निकाल तुम्हा सगळ्यांना माहीत होता, त्या घर घेणाऱ्यांतल्या एकालाही नव्हता. नोटरीचा शिक्का पाहिला की आमचा माणूस निर्धास्त होतो, कारण शिक्का गोल असतो आणि स्टॅम्प पेपरावर सिंह असतात. आता शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, म्हणजे विश्वास आणखी वाढला असणार! सही करण्याआधी तुमच्यातल्या कुणी तो कागद दहा मिनिटं वाचून "यात घर तुमच्या नावावर होत नाही" एवढं म्हटलं असतं, तर काही कुटुंबांचे आयुष्यभराचे पैसे वाचले असते. या दहा मिनिटांना ना वकालतनामा लागतो, ना तारीख.

जेलबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथलं काम तुमच्यातले काहीजण मनापासून करतात. १९७८ च्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि लवकर मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही, असं ठरवून दिलं. खटला आपल्या महाराष्ट्रातला. निकालाची प्रत वेळेत हाती पडली नाही असं त्या माणसाचं म्हणणं होतं, आणि अपिलाला चार वर्षांहून जास्त उशीर झालेला. मला, जन्मभर कागद पोहोचवणाऱ्या माणसाला, ही गोष्ट फार लागते. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. आज तुर्भे नाक्यावर कामाला उभा राहणारा जालन्याचा किंवा परभणीचा मजूर आत गेला की त्याचा जामीनदार गावीच असतो. सॉल्व्हन्सीसाठी, म्हणजे ऐपतीच्या दाखल्यासाठी, भाऊ तिकडे तहसीलदाराच्या कचेरीत हेलपाटे मारतो आणि जामीन मंजूर झालेला माणूस आतच राहतो. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. महिना उलटला तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करावा, असंही त्यात आहे. ठाण्याच्या किल्ल्यातल्या जेलमध्ये तुम्ही जाताच. जाल तेव्हा हा एक प्रश्न न विसरता विचारत जा, की जामीन होऊनही आत कोण आहे.

आता मुद्द्याचं मागणं. आठवड्यातून एक संध्याकाळ, सात ते नऊ. जागा वस्तीतली: समाजमंदिर, महापालिकेची शाळा, मंडळाचं ऑफिस, काहीही चालेल. एक टेबल, दोन वकील, आणि नुसतं वाचन. केस घ्यायची नाही, मसुदा लिहायचा नाही, सल्ल्याचं प्रवचन नाही. कागद कसला आहे, कुणी पाठवला, उत्तर द्यायची शेवटची तारीख कोणती आणि उद्या सकाळी नेमकं कुणाकडे जायचं, एवढं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यायचं. शेवटची तारीख मोठ्या अक्षरात. आपल्याकडे ऑपरेशन थिएटर आहे, ओपीडी नाही. ती हवी आहे.

यादीत किंवा तीन लाखांच्या मर्यादेत बसणारा माणूस असेल तर त्याचा अर्ज तिथेच भरून घ्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याला तहसील कचेरीत पिटाळू नका. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दल त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. हे बऱ्याच टेबलांवर बसलेल्यांनाच माहीत नसतं, आणि दाखल्याच्या रांगेत माणसाचे तीसपैकी दहा दिवस जातात. ज्याला येणं जमणार नाही त्याला १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर द्या, पण नंबर दिला म्हणजे काम झालं असं समजू नका.

तुमच्यातल्या एका ज्येष्ठ वकील साहेबांशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "आम्ही वस्तीत टेबल टाकून बसलो तर गिऱ्हाईक गोळा करतोय असं होईल. बार कौन्सिलचा नियम आहे." नियम ३६, जाहिरात आणि काम मागण्याबद्दलचा, तो मलाही दाखवला त्यांनी. शंका खरी आहे, पण उपाय सोपा आहे. टेबलावर नावाची पाटी नको, व्हिजिटिंग कार्ड नको, बसायचं ते प्राधिकरणाच्या नावाने. लीगल एड क्लिनिकसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाचे २०११ चे नियम आहेतच. आणि एक कडक अट स्वतःच घालून घ्या: ज्याने कागद वाचला त्याने ती केस पुढे फी घेऊन घ्यायची नाही. ही अट नसेल तर सहा महिन्यांत टेबलाचं दुकान होईल. माझा वकिलांवर अविश्वास आहे असं नाही, माणसांचा अनुभव आहे. त्याच बार कौन्सिलच्या नियमांत ४६ वाही आहे. आपल्या आर्थिक कुवतीत राहून गरीब-पीडितांना मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रति सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक, असं तो सांगतो. ३६ वा सगळ्यांना आठवतो.

'आर्थिक कुवतीत' हे शब्द मात्र मी हलके घेत नाही. हे काम सगळं ज्युनियरांच्या गळ्यात घालू नका. कल्याणहून सकाळची लोकल पकडून येणारी, दिवसभर सीनियरच्या फाइली वाहणारी, झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारी पोरं मी पाहतो. शहरातल्या ज्युनियरला महिना किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. किती ऑफिसांत मिळतात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या पोरांना संध्याकाळी फुकट बसवून फोटो काढायचे आणि सत्कार आपण घ्यायचा, हे शोभत नाही. टेबलावर एक ज्युनियर आणि एक सीनियर. सीनियरने दोन महिन्यांतून एकदाच यावं, पण यावं. चाळीतला चुकीच्या माणसाच्या नावाने निघालेला हुकूमनाम्यासारखा दिसणारा कागद पाच ओळींत ओळखायला अनुभवच लागतो, आणि ज्युनियरला शेजारी बसून ते शिकायला मिळेल.

लोकअदालतीबद्दल एक बोलून घेतो, कारण चार वकिलांच्या रागाला मी आता घाबरत नाही. लोकअदालत चांगली आहे. कोर्ट फी परत मिळते, भांडण मिटतं. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. अपघातात पाय गेलेला टेम्पोवाला "आत्ता घे, नाहीतर दहा वर्षं थांब" या एका वाक्यावर सही करतो. आकडा योग्य आहे की नाही हे त्याच्या बाजूने पाहणारं त्या गर्दीत कुणी नसतं. निकाली निघालेल्या प्रकरणांचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. लोकअदालतीच्या आदल्या संध्याकाळी हे टेबल असलं आणि त्याच्या कागदांवर एकदा तटस्थ नजर फिरली, तरी पुष्कळ होईल. मग त्याने हवं तर सही करावी.

जागेची काळजी करू नका. किसननगर आणि लोकमान्यनगरात मंडळांशी माझं बोलणं झालंय, खोली आणि दिवा-पंखा ते देतील. दिघा आणि तुर्भ्याकडे माझ्या ओळखीचे दोन निवृत्त सहकारी आहेत, ते दारात बसून लोकांना रांगेत घेतील. आमचं एक काम तुम्हाला कुणालाच जमणार नाही. पाकिटावरचा शेरा आणि तारखेचा शिक्का पाहून ते दारात कधी आलं, परत कधी गेलं आणि तीसपैकी किती दिवस उरले, हे आम्ही सांगू.

९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन येतो. त्या दिवशी यंदा सभागृह घेऊ नका. त्याच संध्याकाळी सात वाजता पहिलं टेबल लोकमान्यनगरात मांडूया. कोण दोघे येणार ते आठ दिवस आधी प्राधिकरणाच्या ऑफिसात कळवा, म्हणजे मला गल्लीगल्लीत सांगत फिरता येईल. हार-तुरे आणू नका. चिठ्ठ्यांसाठी कोरे कागद आणि एक चांगला स्टॅपलर आणा. आमच्याकडचा मोडलाय.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
ठाणे (पश्चिम)